दोष माझ्या काचेचा नव्हता

मी भिंग बोलतंय. हो, इथलंच, टेबलावर पालथं पडलेलं, पितळी दांड्याचं. राईचा पर्वत करणं हा माझा धंदाच, त्यामुळे थोडं तिखट बोलेन, सांभाळून घ्या.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. काच घासून घासून कारागिराने जीव नकोसा केला होता. तिथून मला कापड रंगवायच्या कारखान्यातल्या रंगमास्तरांनी उचललं. कापडावर रंग बरोबर उतरला की नाही, हे ठरवणारा शेवटचा माणूस म्हणजे मास्तर. मालकांखालोखाल पगार त्यांचा, आणि तो देताना मालकांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

मास्तरांच्या हाताखाली एक मुलगी शिकली. तिचं चुकलं की मास्तर सगळ्यांदेखत ओरडायचे, "डोळे घरी ठेवून आलीस का गं?" ती मोरीत जाऊन रडायची, तोंड धुऊन परत यायची आणि पुन्हा रंग कालवायला बसायची. तीच पुढे विभागाची प्रमुख झाली. म्हणजे मास्तरांची साहेब! तरी त्यांच्यासमोर ती कधी खुर्चीत टेकली नाही.

मग मास्तरांची नजर फसायला लागली. मलई रंगाला ते पांढरा म्हणायचे, गडद निळ्याला काळा. मला डोळ्याशी न्यायचे, पुसायचे, पुन्हा बघायचे. एकदा तिलाच म्हणाले, "पोरी, हल्ली सगळं मळकट दिसतं बघ. हे भिंग म्हातारं झालं, की मी?"

ती गडबडली. म्हणाली, "भिंगच, मास्तर. जुनं झालंय ते."

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेव्हापासून मास्तर जेवायला गेले की त्यांनी पास केलेले तुकडे ती गुपचूप पुन्हा तपासायची आणि कामगार रंग सुधारून घ्यायचे. कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांचा मास्तरांवर जीव होता हो! पगारवाढ झाली तेव्हा मास्तरांनी हौसेने सगळ्यांना गोड वाटलं. तिला तो घास गिळवेना.

पुढे एकदा तिच्या मुलीला ताप भरला. ती घरी राहिली आणि माल मास्तरांच्या शब्दावर गेला. परत आला तो शिवलेले कोट होऊन. अंग काळं, बाह्या निळ्या! मालक कडाडले, "एवढा पगार घेऊन हे? उद्यापासून येऊ नका म्हणावं त्यांना. आणि हे तूच सांगायचंस."

दुपारी तिने दोन तुकडे टेबलावर ठेवले. "मास्तर, यातला काळा कुठला?"

मास्तरांनी मला पुसलं. बराच वेळ पाहिलं. "दोन्ही."

मग तिने सगळंच सांगून टाकलं. सुधारलेले तुकडे, माझ्याबद्दलची थाप, मालकांचा निरोप.

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"अगं, मी ओरडायचो तेव्हा तुला वाईट वाटत नव्हतं?"

"वाटायचं."

"पण शिकलीस ना?"

ती ढसाढसा रडली.

मास्तरांना मोतीबिंदू होता. साधं ऑपरेशन. "इतके दिवस काय करत होतात?" असं डॉक्टरांनी विचारलंच म्हणे. नजर लख्ख झाली, पण ती गयावया करून आली तरी मालक बधले नाहीत. सामान न्यायला आले तेव्हा मास्तरांनी त्या दोन तुकड्यांतला एक हातात घेतला. "हा निळा तर शेंबड्या पोरालासुद्धा कळेल गं," म्हणून हसले. मग मला तिच्या हातात ठेवलं आणि निघून गेले.

आता मी तिचं. ती मला रोज पुसते आणि पुसताना नजर चुकवते. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना बजावलं, "माझं चुकलं तर तोंडावर सांगा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

काल तिने एक हिरवा तुकडा पास केला. किंचित फिका होता. मला दिसला, यंत्रावरच्या माणसालाही दिसला. त्याने तोंड उघडलं, तिच्या पिकत चाललेल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे, मॅडम."

अहो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलं असतं. तुम्हाला आहे ना? मग जा, त्या बाईला आजच सांगा. नाहीतर उद्या पुन्हा म्हणाल, भिंगच जुनं झालंय.