सातवा पहिला दिवस

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत समाजसेविकाताईंच्या गुडघ्यांना देव आठवला होता. व्यसनमुक्ती केंद्राचा नियमच तसा होता. तीन भेटींत माणसाची सही मिळाली नाही, तर फाइल बंद आणि त्याची जागा दुसऱ्याला. सुताराकडची ही तिसरी भेट होती.

दार त्याच्या बहिणीने उघडलं. "दादा घरी नाही," ती खाली बघत म्हणाली. तिच्या पायाशीच दादाच्या चपला होत्या.

ताई वाद घालत बसल्या नाहीत. तिथेच उंबऱ्यावर टेकल्या आणि आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "नसू दे बाई. मी जरा दम खाते. पुन्हा एवढे जिने चढायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही."

मग आतल्या खोलीतून आवाज आला, "ताई, चाळीस दिवस झाले होते. गेल्या आठवड्यात पुन्हा माती खाल्ली. आता कोणत्या तोंडाने बाहेर येऊ?"

"आहे त्याच तोंडाने ये. न पिणाऱ्यांकडे माझं काय काम?"

बहिणीला हसू आवरेना.

सुतार बाहेर आला. त्याने पाण्याचा पेला आणला होता, पण हात असा कापत होता की अर्धं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं ताईंनी संपवलं, फाइल उघडली आणि लिहिलं, 'पहिला दिवस'.

"हा कितवा पहिला, ताई?"

"सातवा. कर सही."

त्याची सही पुरी होईपर्यंत ताईंनी फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.