डब्यावरचं नाव

मी एक स्टीलचा डबा. पोळ्यांचा नव्हे, लाडवांचाही नव्हे. दोन तळहातांत मावेन एवढाच, गोल आणि घट्ट झाकणाचा. माझ्या पोटावर कोरलंय : सौ. कुसुमावती हणमंत चौबळ, संक्रांत १९८६. सगळा घोटाळा या एका ओळीने केला, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

दिल्लीतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी माझ्यासारख्याच डब्यांबरोबर रचलेला होतो. कुसुमावतीबाईंनी आम्हा सगळ्यांना हळदीकुंकवाचं वाण म्हणून विकत घेतलं आणि दुकानदाराकडून आमच्यावर आपलं नाव घालून घेतलं. नाव घालायची मशीन अंगावरून फिरते तेव्हा गुदगुल्या होत नाहीत, चांगलं झोंबतं. पण मला अभिमान वाटला होता. आपल्याला नाव मिळालं!

संक्रांतीला मी अहिल्याबाई बिवलकरांच्या हाती पडलो. “कुसुम, दरवर्षी चमचे देतेस, यंदा डबा! हणमंतरावांना बढती मिळाली वाटतं?” असं म्हणून त्यांनी मला घरी नेलं.

अहिल्याबाई सरकारी कचेरीत नोकरीला होत्या आणि त्यांच्याकडे कॅमेरा होता. मयूर विहारमध्ये त्यांच्या सोसायटीची इमारत बांधली जात असताना त्या दर रविवारी तिथे जाऊन फोटो काढायच्या. नुसते खांब, विटांवर बसून पराठे आणि थालीपीठ खाणाऱ्या बायका, वाळूत लोळणारी मुलं. त्या फोटोंच्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह पट्ट्या गुंडाळून त्यांनी माझ्यात ठेवल्या. माझं झाकण घट्ट, आत दमट हवा शिरत नाही. इतर डब्यांत जिरं-मोहरी गेली, माझ्यात एक अख्खी इमारत आली.

पुढे त्यांचे यजमान शांताराम गेले. अहिल्याबाई मुलाकडे गाझियाबादला राहायला निघाल्या. त्या घर बदलण्यात फोटोंचा अल्बम भिजला आणि पानं एकमेकांना चिकटली, असं मला पुढे कळलं. मी मात्र त्याआधीच, जुने फोटो जमवणाऱ्या ‘यमुनापार इतिहास मंडळा’च्या माणसाकडे सोपवला गेलो होतो. “जपून ठेवा,” एवढंच त्या म्हणाल्या.

जपलं हो! त्या माणसाने मंडळात पोचल्यावर माझ्या पोटावरचं नाव वाचलं आणि नोंद केली : कुसुमावती चौबळ संग्रह. झालं. मी ओरडून सांगितलं असतं, पण डब्याला तोंड असलं तरी जीभ नसते. तेव्हापासून मी लोखंडी रॅकवर बसून आहे. इथे येणारी माणसं खूप हळू बोलतात, जणू इतिहास झोपलाय आणि त्याला उठवलं तर तो चिडेल.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली. शाळेच्या स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून दाराशीच उभी राहिली. मंडळाचं काम पाहणारे इंद्रजित जी म्हणाले, “बेटा, अंदर आओ, पंखा बंद है, उड़ोगी नहीं.”

“मेरी दादी ने कुछ नेगेटिव दिए थे. अहिल्या बिवलकर.”

अहिल्याबाईंची नात! स्वेटरवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, उत्तरा! मी रॅकवर ताठ झालो. इंद्रजित जींनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं. “इस नाम से तो कुछ नहीं है.”

“अच्छा. थँक यू,” म्हणून ती निघाली. अगं, एकदा तरी विचार, दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे का! पण ती इतकी लाजरी, की मागे वळताना खुर्चीला धक्का लागला, तर खुर्चीलासुद्धा सॉरी म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. या खेपेस तिने घरून आणलेलं वाक्य एका दमात म्हटलं, “दादी कहती हैं, स्टील के डिब्बे में दिए थे.”

इंद्रजित जींनी मला काढून तिच्या हातात दिलं. तिच्या हातात! कितीतरी वर्षांनी घरचा हात लागला होता. तिने नाव वाचलं आणि तिचा चेहरा पडला. “ये किसी और का है.”

“तो फिर खोल नहीं सकते, बेटा. दूसरे का सामान है. उनके परिवार की इजाज़त चाहिए.”

“बिल्कुल,” ती म्हणाली आणि मला उचलून तिने स्वतःच्या हाताने रॅकवर ठेवलं. नीट, इतर खोक्यांच्या ओळीत. मला इतका राग आला, की झाकण आपोआप उडायला हवं होतं. पण ते घट्टच राहिलं.

जिन्यात ती फोनवर बोलत होती. “आई, नाही मिळालं. आजीला काय सांगू? डॉक्टर म्हणाले ना, तिची नजर फार दिवस टिकणार नाही? तिला आजोबांचा तो एकच फोटो बघायचाय गं, गॅलरीतला.”

तो फोटो माझ्या पोटात होता. ती एकेक पायरी उतरत होती आणि मी वर बसून होतो.

संक्रांत झाली आणि उत्तरा तिसऱ्यांदा आली. आल्या आल्या पिशवीतून एक वाटी काढून तिने इंद्रजित जींच्या टेबलावर ठण्णकन ठेवली.

“सर, इसपे गिरिजा लिखा है. हमारे घर में कोई गिरिजा नहीं है.”

“तो किसकी उठा लाई हो?”

“हमारी है! कल भांडी... बर्तन पोंछते हुए देखा. हमारे यहाँ संक्रांत पे औरतें बर्तन देती हैं, और नाम देनेवाली का होता है, रखनेवाली का नहीं. दादी से पूछा, कुसुमावती उनकी सहेली थीं. वो डिब्बा मेरी दादी का है.” तिचा आवाज सबंध खोलीत घुमला. तीच दचकली. “सॉरी.”

इंद्रजित जींनी वाटी उलटीसुलटी केली. “हमारे यहाँ तो जिसका बर्तन, उसी का नाम,” ते पुटपुटले आणि त्यांनी मला खाली काढलं. झाकण निघेना. चमच्याने उचकटलं तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

पण माझं नशीब पाहा! स्कॅनर बंद. कॉपीसाठी अर्ज. अर्जावर कमिटीची सही. कमिटीची बैठक होळीनंतर. आणि भिंतीवर पाटी, ‘फोटो खींचना मना है’. उत्तराने पाटीकडे पाहिलं, मग हातातल्या, आजोबांचा फोटो असलेल्या पट्टीकडे. तिचे डोळे भरले.

इंद्रजित जी उठले. “मेरा चश्मा कहाँ गया?” असं म्हणत ते आतल्या खोलीत गेले. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

तिने पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, फोनने टिपली, फोनवरच काळ्याचं पांढरं केलं आणि घरी पाठवून दिली. मग फोन लावला. गडबडीत स्पीकर सुरू झालेलाही तिला कळला नाही.

“आजी, दिसतंय?”

“थांब गं. मोठं करू दे तुझ्या आईला. अजून मोठं कर, स्वरूपा... डोळ्यांजवळ आण.” फोन चष्म्यावर आपटल्याचा आवाज आला. “कठडा नव्हता तेव्हा. मागे सरा, मागे सरा, म्हणून ओरडत होते मी. आणि बघ, शर्टाचं वरचं बटण उघडंच. दहादा सांगितलं होतं!”

तो आवाज मी ओळखला. तेवढाच माझा सण.

मी अजून त्याच रॅकवर आहे. अर्ज पडून आहे. नोंदीत अजूनही कुसुमावती चौबळ संग्रह असंच दिसतं, कारण ती बदलायलाही कमिटी लागते. होळी होऊन गेली. गिरिजाबाईंची वाटी मात्र उत्तरा इथेच विसरली, ती आता माझ्या शेजारी असते. इंद्रजित जी तिच्यात टाचण्या ठेवतात.

कधी जिना चढून आलात तर माझ्या पोटावरचं नाव वाचून पुढे जाऊ नका. कुसुमावतीबाईंनी मला दिलं, ते खरंच आहे. पण मला सांभाळलं कुणी, तेही विचारा. आणि उत्तरा भेटली तर तिला वाटीची आठवण जरूर द्या. वाटी न्यायला म्हणून तरी ती पुन्हा येईल.