चित्रगुप्ताची हकालपट्टी

नंदनवन वस्तीतल्या त्या शाळेच्या फाटकावर चांगलं लांबलचक नाव रंगवलेलं आहे, पण सारं नंदनवन तिला भोयरांची शाळा म्हणतं. संस्था भोयरांची, इमारत भोयरांची, अध्यक्ष महादेवराव भोयर, कॉम्प्युटर शिकवणारा जितेंद्र त्यांचा पुतण्या आणि भूगोल शिकवणारी श्वेता त्यांची सून. एवढ्या भोयरांच्या गर्दीत सर्वांत ज्येष्ठ शिक्षिका मात्र निघाल्या शोभाताई ठवरे. जुने मुख्याध्यापक उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची नियमाप्रमाणे शोभाताईंकडे यायची होती.

नियमाला एक पळवाट होती. ज्येष्ठ माणसानं स्वखुशीनं, लेखी, 'मला नको' म्हटलं की खुर्ची पुढच्याकडे सरकते. ज्येष्ठतेच्या यादीत श्वेताच्या वर असलेल्या बाकीच्या सगळ्यांनी हिवाळा संपायच्या आत स्वखुशी दाखवून टाकली होती. त्यांत शोभाताईंची जिवाभावाची मैत्रीण दिपालीसुद्धा होती. "मले घरचंच आवरत नाही वं," असं तिनं कारण दिलं होतं. राहिल्या एकट्या शोभाताई. त्यांना ती खुर्ची हवी होती. शाळेचं हित, मुलांचं भवितव्य वगैरे बोलायच्या गोष्टी झाल्या. दाराबाहेर पितळी पाटीवर आपलं नाव असावं असं त्यांना नोकरीला लागल्यापासून वाटत आलं होतं, आणि निवृत्तीला आता दोनच वर्षं उरली होती.

अशा वेळी शाळेत चित्रगुप्त आला.

आणला जितेंद्रनं. टॅबलेटमधलं एक अ‍ॅप होतं. टेबलावर ठेवलं की सभेत कोण काय बोललं ते नावानिशी उतरवून घ्यायचं, वर त्याचा सारांश काढायचं, कोणी कोणतं काम करायचं ते ठरवायचं आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवून द्यायचं. पहिल्याच स्टाफ मीटिंगनंतर कोणी तरी त्याचं नाव चित्रगुप्त ठेवलं. कोणी ठेवलं तेही चित्रगुप्तानं लिहून घेतलं. महादेवराव भलतेच खूश झाले. स्टाफरूममधली कुजबुज एरवी त्यांच्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागत, आता ती चहाच्या आत घरपोच मिळायला लागली.

शोभाताईंनी पुढच्या सभेत हात वर केला. "साहेब, हे बरोबर नाही जी. आम्ही बोलून राहिलो आणि हे लिहून राहिलं. माणसाचं काही खासगी असते का नाही?"

"शाळेत कायचं खासगी, मॅडम?" महादेवराव हसले. "ज्याच्या मनात काही नाही, त्यानं भ्यायचं काहून?"

शोभाताई घरी गेल्या आणि अर्ज लिहायला बसल्या. त्या मराठीच्या शिक्षिका, त्यामुळे अर्ज म्हटला की त्यांचा हात सैल सुटायचा. पहिल्या पानावर खासगीपणाचं महत्त्व, दुसऱ्यावर शिक्षकाची प्रतिष्ठा, आणि मागण्या तिसऱ्या पानावर. अ‍ॅप काढून टाकावं. संमतीशिवाय कोणाचं बोलणं टिपू नये. आजवर ज्या शिक्षकाविषयी जे काही टिपलं गेलं असेल त्याची प्रत सचिवांच्या सही-शिक्क्यानिशी त्या शिक्षकाला द्यावी, आणि मगच ते पुसावं. साऱ्या स्टाफनं सह्या केल्या. कोणी तिसऱ्या पानापर्यंत वाचलं असेल असं नाही, पण सहीची जागा तिथंच होती.

अर्ज सचिव वसंतराव दाणी यांच्या ड्रॉवरमध्ये गेला. वसंतराव बँकेतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं आणि कणा रबराचा. त्यांची एक पद्धत होती. कार्यकारिणीच्या सभेचं इतिवृत्त ते सभेच्या दिवशी सकाळीच लिहून ठेवत. ठराव, सूचक, अनुमोदक, 'साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर', सगळं आंघोळीनंतर तयार. शेवटचं वाक्यही ठरलेलं असे, 'अध्यक्षांनी आभार मानून सभा संपल्याचे जाहीर केले.' सभेत फक्त सह्या व्हायच्या. त्या झाल्या की ताटल्या यायच्या, आणि खरं काय करायचं ते पोहे खाता खाता ठरायचं. पंचवीस वर्षं संस्था अशीच सुरळीत चालली होती.

मार्चमधल्या सभेला महादेवरावांनी हौसेनं चित्रगुप्तालाही टेबलावर बसवलं. 'आपणही डिजिटल झालो' असं वर कळवता आलं असतं. जितेंद्रनं सांगून ठेवलं होतं की सभा संपली असं कोणी तरी मोठ्यानं म्हणा, की ते आपोआप थांबतं. आता पंचाईत अशी की त्या खोलीत सभा संपली असं आजवर कोणी कधी म्हटलंच नव्हतं. ते वाक्य सकाळीच लिहून झालेलं असायचं, मग पुन्हा तोंडानं कशाला म्हणायचं? सह्या झाल्या, तर्री-पोहे आले, मंडळी सैलावून बसली, आणि चित्रगुप्त बिचारा सभा चालूच आहे समजून इमानानं लिहीत राहिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जितेंद्रनं चालूच राहिलेला टॅबलेट हातानं बंद केला आणि स्टाफरूममधले सगळे फोन एकदम वाजले. जितेंद्रनं शाळेसाठी एकच ग्रुप केलेला होता, आणि चित्रगुप्ताला कार्यकारिणी आणि स्टाफ यांच्यातला फरक कोणी शिकवला नव्हता. शोभाताईंनी डबा बाजूला सारला आणि चष्मा लावला.

सारांश मोठा सभ्य होता. 'मा. अध्यक्षांनी श्रीमती ठवरे यांच्या प्रशासकीय क्षमतेविषयी साशंकता व्यक्त केली. तर्रीच्या दर्जाबाबत सर्व सदस्यांनी समाधान व्यक्त केले. करावयाची कामे: श्रीमती ठवरे यांनी स्वखुशीने नकार दिल्याचे इतिवृत्तात लिहिणे, जबाबदारी सचिव. नकारपत्रावर श्रीमती ठवरे यांची सही घेणे, जबाबदारी अद्याप कोणी स्वीकारलेली नाही.'

खाली शब्दन् शब्द होता. महादेवराव म्हणाले होते, "ते बाई रजेचा अर्ज बी तीन पानं लिहिते. तिच्या हाती शाळा देली तं मलेच रजा मागा लागन." त्यावर सगळे हसल्याची नोंद होती. आणि वसंतराव म्हणाले होते, "दिपाली मॅडम सांगत होत्या, शोभाताई झाल्या तर अर्धा स्टाफ बदली मागेल म्हणून."

शोभाताईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. अध्यक्षांच्या बोलण्यानं त्यांना राग आला होता, तो अंगात भिनवून घ्यायला बराही वाटत होता. या दुसऱ्या वाक्यानं मात्र त्यांना रडू आलं आणि ते दाखवताही येईना. समोर दिपाली बसली होती. तिला आज पाचवा तास होता आणि सुट्टी संपायला अजून वेळ होता, तरी ती डस्टर घेऊन लगबगीनं वर्गाकडे गेली.

तिकडे महादेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. शिक्षकांच्या संघटनेनं शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायची भाषा सुरू केली तशी त्यांना खासगीपणाची अचानक किंमत कळली. किती कळली म्हणाल, तर त्यांनी तातडीनं कार्यकारिणी आणि स्टाफ अशी एकत्र सभाच बोलावली. वसंतरावांना ड्रॉवरमधला अर्ज आठवला. शिक्षकांनीच मागणी केली आहे, आपण ती मान्य करायची, अ‍ॅप काढायचं, त्यातलं सगळं पुसायचं, आणि वर शिक्षकांचा मान राखल्याचं श्रेय घ्यायचं. असा बेत जमून आल्यावर महादेवराव त्या रात्री म्हणे व्यवस्थित जेवले.

सभेत महादेवराव उभे राहिले. आवाज भरून आला होता.

"माणसाचं घरातलं बोलणं, चहावरचं बोलणं, हे पवित्र असते. मशीन आणलं ते आपलं चुकलं. शोभाताईंनी आपले डोळे उघडले. मी तं म्हणतो, अशा बाई आहेत म्हणून शाळा आहे."

लगेच श्वेताच्या हस्ते शोभाताईंना शाल आणि नारळ देण्यात आला. फोटो निघाला. नारळ हातात धरून शोभाताई उभ्याच होत्या तेवढ्यात वसंतरावांनी ठराव वाचला, "श्रीमती ठवरे यांचा अर्ज वाचला असे समजून, साधकबाधक चर्चा होऊन, जसाच्या तसा सर्वानुमते मंजूर." सूचक अध्यक्ष स्वतः, अनुमोदक सचिव. टाळ्या झाल्या आणि जितेंद्र चित्रगुप्ताला पुसायला पुढे सरसावला.

"थांब गा," शोभाताई म्हणाल्या. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. "आधी माझी प्रत."

"कायची प्रत?" महादेवरावांनी विचारलं.

"मंजूर केली ना तुम्ही आत्ताच. तिसऱ्या पानावर आहे. माझ्याविषयी जे लिहिलं गेलं ते सचिवांच्या सही-शिक्क्यानं मले द्यायचं, आणि मग पुसायचं."

वसंतरावांनी अर्ज हातात घेतला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि तिसऱ्यावर आल्यावर खिशातून रुमाल काढला. महादेवराव वाकून त्यांच्या कानात म्हणाले, "तुम्ही वाचलं नाही?" आता वसंतराव हळू बोलण्यात पटाईत असले तरी त्या दिवशी त्यांना ते साधलं नाही. "तुम्हीच म्हणाले होते साहेब, बाईचे अर्ज कोण वाचते म्हणून."

"मग तेवढं कलम गाळून टाका. दुरुस्ती करा."

वसंतरावांनी रुमाल पुन्हा कपाळावर फिरवला. ठराव नेहमीप्रमाणे आंघोळीनंतर लिहून झाला होता. आणि संघटनेच्या आधी आपलं स्वच्छ तोंड वर दिसावं म्हणून त्याची प्रत, अर्ज मागे जोडून, सभा भरायच्या आधीच शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन पडली होती. सभा व्हायच्या आत मंजूर झालेला ठराव सभेत नामंजूर कसा करायचा, हे त्यांना बँकेत कोणी शिकवलं नव्हतं.

प्रत निघाली. 'स्वखुशीने नकार दिल्याचे इतिवृत्तात लिहिणे, जबाबदारी सचिव' या ओळीच्या खाली सचिवांनीच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात सही केली आणि शिक्का मारला. मग चित्रगुप्ताला पुसण्यात आलं. शोभाताईंनी प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली, कोणाला काही म्हटलं नाही आणि कोणाकडे गेल्याही नाहीत. त्यानंतर नकारपत्राचं नाव भोयरांच्या शाळेत कोणी काढलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दाराबाहेर पितळी पाटी लागली होती. महादेवरावांनी दुसरी शाल दिली.

पहिल्या स्टाफ मीटिंगला शोभाताई मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसल्या. चांगल्या बोलल्या, थोडक्यात बोलल्या. शेवटी घसा खाकरून "सभा संपली" असं स्पष्ट आणि मोठ्यानं म्हणाल्या. सगळे अदबीनं उभे राहिले. दिपालीनं तर "अभिनंदन वं, शोभा," म्हणून हातही हातात घेतला. शोभाताई बाहेर पडल्या, दार लागलं, आणि मागं कोणी तरी काही तरी बोललं. मग हशा पिकला.

त्या व्हरांड्यातच थांबल्या. हसणं कशावरूनही असेल, डब्यातल्या भाजीवरून, पहिल्या दिवशीच्या पोरांवरून. त्यांनी कान दिला. आवाज बारीक झाला होता, आणि त्यात एक आवाज दिपालीचा होता एवढंच कळत होतं. अर्धा स्टाफ, त्यांच्या मनात आलं. कोणता अर्धा?

केबिनमध्ये येऊन त्यांनी चहा मागवला आणि तो न पिताच जितेंद्रला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याला आधी दार लावून घ्यायला सांगितलं.

"जितेंद्र, ते अ‍ॅप पुरतं काढलं होतं का नुसतं बंद केलं होतं?"

"पुरतं काढलं, मॅडम. तुमचाच ठराव होता."

"ते झालं. परत टाकायचं म्हटलं तर?" शोभाताईंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडं केला. "सगळ्यांना त्रास नाही द्यायचा. नुसतं स्टाफरूममध्ये. कपाटावर वगैरे. शाळा चालवायची म्हटलं तर माणसाले समजायला पाहिजे ना, लोकांच्या मनात काय चालू आहे. ज्याच्या मनात काही नाही, त्याले काय फरक पडते?"

जितेंद्रला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि काही तरी शोधू लागला.

"पाच मिनिटाचं काम आहे जी," तो म्हणाला. "काकांनी बी कालच सांगितलं, तुमच्या केबिनमध्ये लावून दे म्हणून. आता तुम्हीच बोला, आधी कुठं लावू?"