दयाळ, वटवाघूळ आणि अध्यक्षांचा कान

प्राणिशास्त्र विभागात बाहेरचा आवाज आत न येणारी खोली एकच उरली होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघे होते नवरा-बायको. नवऱ्याचा अभ्यास अंगठ्याएवढ्या वटवाघळाचा, बायकोचा दयाळ पक्ष्याचा. ज्याचं ध्वनिमुद्रण संस्थेच्या अध्यक्षांना त्यांच्या दालनात ऐकून आवडेल त्याला खोली. दुसऱ्याने गाशा गुंडाळायचा. सहा वर्षांचं काम पणाला लागलेलं, त्यामुळे नवरा सकाळपासून चहासुद्धा उभ्यानेच पीत होता.

वटवाघळाची हाक इतकी बारीक की माणसाच्या कानाला ती लागतच नाही. म्हणून ती दहापट संथ करून ऐकवतात; संथ केला की आवाज जाड होतो. तशी चिठ्ठी तंत्रज्ञाला दिली होती. तंत्रज्ञ न्यायी माणूस. दुजाभाव नको म्हणून त्याने दयाळही दहापट संथ केला.

अध्यक्ष पक्ष्यांचे जुने दर्दी. "नावं सांगू नका, नुसतं ऐकवा," ते म्हणाले. "माझा कान अजून तिशीत आहे." कान सोडून बाकीचे अध्यक्ष पंचाहत्तरीत होते.

पहिल्या मुद्रणात गोड किलबिल झाली. अध्यक्षांनी डोळे मिटले. "वा! दयाळ! याला म्हणतात गळा." दुसऱ्यात कुणी जड कपाट ओढत असल्यासारखं घरघरलं. "आणि हे ते वटवाघूळ. खोली दयाळाला!"

बायकोला सगळं उमगलं होतं. तिने टेबलाखाली नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला आणि भार दिला.

"सर," तो कळवळून म्हणाला, "पहिलं माझं वटवाघूळ होतं."

"घरी कधी तोंड उघडत नाहीस," बायको पुटपुटली, "आज बरा कंठ फुटला!"

तंत्रज्ञाने जीभ चावली. अध्यक्षांचा चेहरा पडला. बायको ताडकन उठली. "मग माझा दयाळही त्याच्या स्वतःच्या वेगात ऐका."

दयाळ मोकळ्या गळ्याने गायला. इतका खरा, की खिडकीबाहेरच्या झाडावरून दुसऱ्या दयाळाने त्याला उत्तर दिलं.

अध्यक्ष मिश्कील हसले. "एकदा फसलो, पुन्हा नाही. हेही वटवाघूळच."

"अहो सर, बाहेरचा तरी..."

"तेही. दिवसाढवळ्या सुटलंय."

त्यांनी तिथल्या तिथे निर्णय लिहिला: खोली वटवाघळांना, दोन्ही मुद्रणं उत्तम, सबब अभ्यासकही दोन. खाली झोकदार सही ठोकली.

बायको काही बोलणार, तोच नवऱ्याने तिचा हात धरला. "थांब, शाई वाळू दे."

"आणि माझा दयाळ?"

"कागदावरच वटवाघूळ झालाय ना? उलटा थोडाच टांगलाय? गाऊ दे त्याला."