पट्टा प्लसकडे

“सर, उलटा लावला तरच कामाचा, असा एखादा पार्ट असते का?”

दहावीच्या वर्गात रक्षाने हे विचारलं आणि सगळा वर्ग खो-खो हसला. शेजारी बसणाऱ्या अंकितानेच तिला भरीला घातलं होतं, “हिंमत असंन तं विचारून दाखव!” धनंजय सर मात्र हसले नाहीत. “असतो ना,” ते म्हणाले, “झेनर डायोड.”

मित्रांनो, तो पार्ट म्हणजे मी! मी एक जुना झेनर आहे. तांदळाच्या दाण्याएवढा, नारिंगी काचेचा, एका टोकाला काळा पट्टा. जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यातला. तिथली फक्त भट्टीची ऊब आठवते, तीही स्वप्नात आठवावी तशी.

साधा डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. उलटीकडून आली की दार बंद! उलटा जोडला की मीही बंदच असतो, गाढ झोपलेला. पण विजेचा दाब माझ्या ठरलेल्या आकड्याला, पाच पॉइंट एक व्होल्टला, पोचला की मी जागा होतो आणि जास्तीची वीज माझ्यातून वाहू देतो. धरण भरलं की सांडवा वाहतो ना, अगदी तसं. वरून कितीही येवो, पातळी तेवढीच! फक्त माझ्याआधी वीज आवरणारा एक रेझिस्टर हवा. सगळा लोंढा थेट आला तर मी जळून जातो.

पहिली काही वर्षं मी विमलाबाईंच्या रेडिओत होतो. लाईट कमीजास्त झाली तरी गाणं हलायचं नाही. “रेडिओ मोठा गुणाचा हाय,” त्या म्हणायच्या. मी आत गुपचूप लाजायचो.

पुढे तो रेडिओ बिघडला आणि मी जाम गावच्या चौकात हेमराजभाऊंच्या रिपेअरिंगच्या दुकानात आलो. हे रक्षाचे बाबा. त्यांनी हाताच्या सवयीने मला साध्या डायोडसारखं जोडलं, पट्टा मायनसकडे. तसा मी पाचपर्यंत न थांबता एका व्होल्टच्या आतच वाहू लागतो! “हा गेला,” म्हणत त्यांनी मला खराब पार्टच्या डब्यात टाकलं. चार वर्षं मी तिथे धुळीत स्वप्नं बघत पडलो होतो.

रक्षाला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माती सुकली की दिवा लावणारं यंत्र करायचं होतं. बॅटरी फवारणी पंपाची, बारा व्होल्टची. यंत्राला हवे पाचच. बाबांनी नवा झेनर जोडून दिला, पण दिवा लागेना. “राहू दे पोरी, रांगोळीत नाव दे,” ते म्हणाले. प्रदर्शन उद्यावर आलं होतं, आणि आमचा डबा आज भंगारात जाणार होता.

सरांचं उत्तर ऐकून रक्षा शाळेतून थेट दुकानात धावत आली. नव्या झेनरची दिशाच चुकली असेल तर डब्यातलेही चांगलेच असतील, म्हणून तिने डबा उपडा केला आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या मला उचललं.

“बाबा, पट्टा प्लसकडं लावाचा!”

“वीस वर्षं झाले मले. पट्टा मायनसकडंच राह्यते.”

“साध्याचा. याचा उलटा! मीटर तं लावा.”

मीटर म्हणाला, पाच पॉइंट एक. कोरड्या मातीत तारा खोचल्या आणि दिवा लागला! मला पुन्हा अंगातून वाहणारं विजेचं ते कोमट, गुणगुणतं पाणी जाणवलं.

बाबांनी सांडलेले पार्ट वेचून पुन्हा डब्यात भरले. “मंग यातले कितीक चांगलेच असतीन?”

मित्रांनो, एवढंच मागतो. कुणाला ‘खराब’ म्हणण्याआधी आपण त्याला नीट जोडलं का, ते एकदा बघा.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. रक्षाने डबा दोन्ही हातांनी कवटाळला.

“आई, बाबा, उद्यापासून शाळा सुटली का मी रोज दुकानात बसणार. विचारून नाई राह्यली मी, सांगून राह्यली!”