शिंपीकाकांच्या सत्तावीस वह्या

शिंपीकाकांचं अक्षर इतकं भयंकर होतं, की त्यांनी लिहिलेली सामानाची यादी दुकानदार दरवेळी परत पाठवायचा आणि काकू कपाळाला हात लावून ती पुन्हा लिहून द्यायच्या. काकांना मात्र त्याचा अभिमान होता. मापाच्या वहीत बायकांचं निम्मं आयुष्य असतं. ते जगाला वाचता येऊ नये म्हणून देवानेच आपल्याला हे अक्षर दिलंय, अशी त्यांची पक्की समजूत होती.

दुकानाचा एक नियमही होता. इतर शिंपी माप घेताना आकडे ओरडतात आणि कोपऱ्यात बसलेला कारागीर ते लिहून घेतो. काका एकटेच माप घ्यायचे, एकटेच लिहायचे आणि आकडा कधी तोंडाबाहेर काढायचे नाहीत. आकड्यांखाली एखादी ओळ असायची. डावा खांदा उतरता. पाठीला बाक. पोटावर घट्ट नको. आणि काही पानांच्या तळाशी दोनच शब्द असायचे: विचारू नये.

यंदा दुकानाच्या मागच्या भिंतीला ओल आली आणि वह्यांना कसर लागली. काका हादरले. सुनेने नुकताच घेऊन दिलेला फोन होता, तो त्यांनी बाहेर काढला आणि तीन आठवडे दुपारची झोप सोडून सत्तावीस वह्यांच्या पानापानाचा फोटो काढला. त्यानंतर ते छाती फुगवून फिरत होते. आता भिंत कोसळली तरी मापं जागच्या जागी!

रविवारी सकाळी ते बैठकीत चहा पीत बसले होते. टीव्ही कुणी बघत नसला, की त्यावर घरचे फोटो फिरत राहायचे. नातीची सायकल आली, काकूंचा वाढदिवस आला, आणि मग अख्ख्या पडद्यावर पसरून वहीचं एक पान आलं.

"अरेच्चा! हे इथे कसं?"

सून समोर गणिताच्या वह्या तपासत होती. जवळच्याच शाळेत ती शिकवायची. "बाबा, तुमचा फोन मीच घरच्या खात्याला जोडला ना. तुम्ही काढलेला फोटो आपोआप सगळ्यांच्या फोनवर येतो. टीव्हीवरसुद्धा."

"सगळ्यांच्या म्हणजे?"

"आपण चौघं, वन्सं आणि त्यांचे यजमान."

"काल पाहुणे बसले होते, तेव्हाही हे चालू होतं?"

"असणारच की."

काका क्षणभर चरकले, मग हसले. "फिरू दे गं. वाचणार कोण? तुझ्या सासूला चाळीस वर्षांत जमलं नाही."

"माणसांना नाही जमत," सून म्हणाली, "पण फोनला जमतं बरं का."

तिने त्यांचा फोन घेतला आणि शोधायच्या जागी लिहिलं: खांदा. पापणी लवायच्या आत पडदा पानांनी भरून गेला. प्रत्येक पानावर तो शब्द पिवळा होऊन चमकत होता. काकांनी तोंडात बोट घातलं. मग त्यांना राहवेना. "बाहीचा मुंढा लिही. जांभळी मखमल लिही. ती पोस्टातली बाई होती ना, बाह्या दोनदा उसवल्या होत्या, ते बघ." सगळं सापडत होतं. ज्या अक्षरापुढे काकूंनी, दुकानदाराने आणि बँकेने हात टेकले होते, ते हा काचेचा तुकडा घडाघडा वाचत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं लिहिलेलं वाचत होतं, आणि ते त्यांना आवडलं, हे कबूल करायला हवं.

"आमच्या मोठ्या बाई तुमच्याकडेच शिवतात ना?" सूनही आता रंगात आली होती. "त्यांचा तो निळा कोट सापडतो का बघू."

मोठ्या बाई म्हणजे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. काकांनी हात पुढे केला, पण तोवर तिचं लिहून झालं होतं आणि पान उघडलंही होतं. वर्गात गणित वाचावं तशी ती खणखणीत वाचू लागली, "डावीकडे नेहमीचं. उजवी बाजू रिकामी, आतून तीन पदर अस्तर. विचारू..."

शेवटचा शब्द तिने वाचलाच नाही. तिला कळलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी बाईंचा उजवा स्तन काढावा लागला होता. आजारी बहिणीकडे जातेय, असं त्यांनी शाळेत सांगितलं होतं. परत आल्या त्या थेट काकांच्या दुकानात, आणि म्हणाल्या, "माझ्या कपड्यांनी तोंड उघडता कामा नये." काकांनी उघडू दिलं नाही. अकरा वर्षांत त्या एकाच मापावर एकवीस कोट शिवले, पण या कानाचं त्या कानाला कळलं नाही. काकूंनासुद्धा नाही. आणि आज त्यांच्याच बैठकीत, चहा निवायच्या आत, ते मोठ्याने वाचलं गेलं होतं.

"पूस ते," काका म्हणाले.

"पुसते. पण बाबा... असे अजून किती असतील?" आणि तिने ते दोन शब्द लिहिले.

एक्केचाळीस.

चिमुकल्या चौकोनांच्या रांगामागून रांगा आल्या. काका बघतच राहिले. ते शब्द त्यांनी एकेका माणसासाठी, कधी महिन्याने, कधी वर्षाने लिहिले होते. ती सगळी माणसं अशी एकत्र उभी राहिलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. आजूबाजूच्या गल्ल्यांमधलं न बोललेलं सगळं सुनेच्या तळहातावर मावलं होतं. केवढं होतं ते! काकांच्या अंगावर काटा आला, आणि तो निव्वळ भीतीचा नव्हता. दोघांनीही एकही पान उघडलं नाही. सुनेने फोन हळूच टेबलावर पालथा ठेवला.

मग दुपारपर्यंत दोघं कामाला लागली. घरच्या खात्यातून पानं काढली, काकांचा फोन त्यातून तोडला, टीव्ही तपासला, वन्संना फोन करून त्यांच्याकडेही काही उरलं नाही ना, याची खात्री केली. पुसलेले फोटो फोन महिनाभर कचरापेटीत सांभाळतो हे कळल्यावर काका पुन्हा थक्क झाले. तीही पेटी रिकामी केली. फोनमधल्या पानांना वेगळं कुलूप लागलं. मग फोटो बघायची परवानगी कुठल्या कुठल्या ॲपला आहे, ती यादी निघाली.

"टॉर्चला माझे फोटो कशाला हवेत?"

"तुम्हीच परवानगी दिलीय, बाबा."

"मी? कधी?"

"विचारलं असेल त्याने. तुम्ही हो म्हणाला असाल."

काकांनी टॉर्चच काढून टाकला. शेवटी चष्मा पुसत ते म्हणाले, "आणि तुझ्या डोक्यातलं?"

"ते पुसता नाही येत," सून म्हणाली. "ते मी सांभाळेन."

सोमवारी शाळा सुटल्यावर मोठ्या बाई येणार होत्या. त्या निवृत्त होत होत्या आणि निरोपाच्या दिवसासाठी त्यांना कोट हवा होता. नाही सांगितलं, तर त्यांना कधीच कळणार नव्हतं. काका दिवसभर तेच घोकत होते. पण मग पुन्हा यांच्यासमोर टेप घेऊन उभं कसं राहायचं? त्यांच्याने ते होणार नव्हतं.

बाई आल्या. काकांनी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. वह्या, ओल, टीव्ही, सून. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पर्स उचलली. आता या जाणार आणि परत यायच्या नाहीत, हे काकांना दिसत होतं.

दाराशी जाऊन त्या थांबल्या. "वाचलं फक्त तुमच्या सुनेने?"

"फक्त तिने."

"आज सकाळी ती माझ्याकडे सही घ्यायला आली होती. नेहमीसारखीच. सुट्टीवरून वादसुद्धा घातला माझ्याशी. मला वाटायचं, ज्या दिवशी कुणाला कळेल, त्या दिवशी त्यांच्या नजरेत मला ते दिसेल."

बाईंनी दाराकडे पाठ केली.

"ते दोन शब्द लिहिलेली पानं किती निघाली म्हणालात?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस," बाई पुटपुटल्या आणि स्टुलावर बसल्या. "मी समजत होते, मी एकटीच आहे." कोण कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नसतं.

मग त्या उठल्या, पर्स खाली ठेवली आणि हात बाजूला घेऊन आरशासमोर उभ्या राहिल्या. काकांनी टेप लावला. उजवीकडचा आकडा बाईंनी स्वतः खाली बघून वाचला, चांगला मोठ्याने. त्या दुकानात आकडा पहिल्यांदाच ऐकू आला.

काकांनी तो लिहिला. तळाशी नेहमीचे दोन शब्द लिहायला पेन्सिल टेकवली, आणि ती तिथेच थांबली.

"बाई," त्यांनी विचारलं, "अजून दुखतं का हो?"

आणि बाईंनी सांगितलं.