सव्वीस अंश

आमच्या बेकरीत पीठ माझं आणि भट्टी दादाची, ही वाटणी बाबांनीच करून दिली होती. पिठात हात घालून ते किती गरम आहे हे मी अंशावर सांगते. सव्वीस अंशांना पीठ मनासारखं फुगतं. गार असलं तर फुगायला जास्त वेळ ठेवायचं, गरम असलं तर लवकर उचलायचं. हात खोटं बोलत नाही, असं बाबा म्हणायचे, आणि तीस वर्षं मीही तेच म्हणत आले.

मग आमचे पाव बसायला लागले. आतून गच्च, चावायला जड. मी गिरणीवाल्याला झापलं की पीठ जुनं देतोस. तो बिचारा ऐकून घेऊन गेला. मग यीस्ट बदललं. मग दादाच्या भट्टीला नावं ठेवली, तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला. "सहा महिने ऐकतोय. गिऱ्हाईकं तुटायला लागली. पुढच्या महिन्यापासून पीठ दुसरा माणूस बघेल. तू काउंटरवर बस."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. पिठापासून मला उठवायचं म्हणजे मग मी उरते कशाला? तशी हल्ली मी दुपारी गोणीला टेकून झोपत होते, भट्टीशेजारीसुद्धा स्वेटर निघत नव्हता, पण ते सगळं मी वयावर ढकललं होतं.

दादाचं तोंड बंद करायचं म्हणून मी थर्मामीटर विकत आणला. दादा-वहिनीसमोर पिठात हात घातला आणि सांगितलं, "सव्वीस." वहिनीने काटा वाचला. बावीस. थर्मामीटर खराब म्हणून मी दुसरा आणला. तोही बावीसच म्हणाला.

वहिनीने पिठात बोट घातलं, मग माझा हात धरला. "वन्सं, पीठ गारच आहे. तुमचा हात बर्फ झालाय. त्याला सगळंच गरम लागणार."

म्हणजे मी गार पीठ गरम समजून पुरतं फुगायच्या आधीच उचलत होते. सहा महिने, रोज.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइडची एक तपासणी केली. ती नॉर्मल आली. "वय झालं, विश्रांती घ्या," ते म्हणाले.

"विश्रांतीने हात चार अंश चुकायचा थांबतो का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. त्यांनी माझी जुनी फाइल मागितली. आठ वर्षांपूर्वी माझ्या मेंदूत गाठ होती. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे डोक्याला रेडिएशन. दरवर्षी रक्त तपासायला या, असं बजावलं होतं. तीन वर्षं मी गेले, मग कानाडोळा केला. गाठ गेली, आता कशाला सुया टोचून घ्यायच्या?

फाइल वाचून त्यांनी मला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी आणखी रक्त काढलं आणि सरळ सांगितलं, "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. ती हुकूम देते, बाकीच्या ग्रंथी कामाला लागतात. रेडिएशनने ती हळूहळू थकते, कधी कधी खूप वर्षांनी. तुमची थायरॉइड धडधाकट आहे, पण तिला कुणी उठवतच नाही. आधीच्या तपासणीत नुसता हुकूम मोजला होता. तो आकड्यात ठीक दिसला, पण त्यात जोर नव्हता, आणि थायरॉइडचं काम मोजलंच नव्हतं."

"म्हणजे यीस्टच दमलं होतं, आणि आम्ही भट्टी तपासत बसलो."

"तसंच समजा."

कॉर्टिसॉल नावाचं हार्मोनही कमी निघालं. आधी स्टेरॉइडची गोळी, काही दिवसांनी थायरॉइडची. हा क्रम मोडायचा नाही. आणि ताप आला तर स्टेरॉइड लगेच दुप्पट करायचं, अंगमेहनत बंद. "हे विसरलात तर जिवावर बेतेल," त्या म्हणाल्या.

दादाने मला तीन महिने दिले. मी गिरणीवाल्याची माफी मागून आले, आणि ते त्या दोन्ही गोळ्यांपेक्षा कडू होतं. अकराव्या आठवड्यात मी म्हटलं सव्वीस, काटाही म्हणाला सव्वीस. दादाने माझ्यासमोरच फोन लावला आणि नव्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. मी पीठ मळत राहिले, मान वर केली नाही. डोळे भरले होते.

गेल्या आठवड्यात सकाळी मी पिठात हात घातला. "तेवीस. गार आहे."

वहिनी काट्याकडे बघत राहिली. "सव्वीस आहे, वन्सं."

दादाही भट्टीपासून वळला. पूर्वीची मी असते तर थर्मामीटर उकिरड्यावर गेला असता. मी हात धुतला आणि वहिनीपुढे धरला. तिने तो धरला, मग माझं कपाळ बघितलं.

"अंग तापलंय तुमचं."

तापलेल्या हाताला पीठ गार लागणारच. मी पाण्याचा पेला घेतला, स्टेरॉइडची गोळी दुप्पट घेतली आणि एप्रन सोडून दादाच्या हातात दिला.

"आज पीठ तू बघ," मी म्हटलं.

त्याने एप्रन बांधला. मग त्याने कोपरापर्यंत हात धुतले. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि पाव भट्टीत जाईपर्यंत त्याच्या चुका काढत राहिले. पाव बरे आले. माझ्याइतके नाहीत, पण बरे.